अनाम नदी : काँगोचे खोरे आणि 'हार्ट ऑफ डार्कनेस'चे वाचन

जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' (१८९९) या दीर्घकथेत थेम्स नदीला नाव आहे; जिच्यावर मुख्य कथानक घडते त्या नदीला मात्र नाही. 'काँगो' हा शब्द संहितेत कोठेही येत नाही. नाव गळाल्यामुळे नदी स्थलकालमुक्त झाली, अंतर्मनाच्या प्रवासाचे प्रतीक झाली, असे प्रतिपादन दीर्घकाळ होत आले. आपल्याकडील इंग्रजीच्या पदव्युत्तर वर्गांतही ते इतके रुळले आहे की विद्यार्थ्याला फ्रॉइड आठवतो, राजा लिओपोल्ड आठवत नाही.

हे प्रतीक कशाच्या मोबदल्यात सिद्ध झाले, हे कॉनरॅडच्याच वह्यांवरून कळते. १८९० मध्ये तो मातादीहून किन्शासापर्यंत पायी गेला. त्या रोजनिशीत मुक्कामांची, ओढ्यांची, बाजारांची नावे आहेत. पुढे 'रॉय दे बेल्ज' या आगबोटीवर ठेवलेली वही तर निव्वळ खलाशाची आहे : वाळूचे दांडे, बुडालेले ओंडके, बेटे, होकायंत्राच्या दिशा, बॉयलरसाठी लाकूड मिळण्याच्या जागा. ही नदी गूढ नाही; ती शिकून घ्यावी लागते आणि शिकता येते. उथळ पाणी, ओंडके, लाकूडतोड हे सारे कथेतही उरते. गळतात ती नावे.

चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या अ‍ॅमहर्स्ट येथील व्याख्यानात कॉनरॅडवर वंशवादाचा आरोप केला. आफ्रिकेला केवळ पार्श्वभूमी करून टाकण्याविषयीचा त्यांचा आक्षेप प्रस्तुत लेखकाला मूलतः मान्य आहे. परंतु त्यानंतरचा वाद कॉनरॅड दोषी की निर्दोष, याभोवतीच फिरत राहिला. खटल्यातही नायक तोच!

खोऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्नच बदलतो. सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटरचे हे खोरे दोन्ही काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, कॅमेरून, अंगोला, झांबिया, टांझानिया, रुआंडा आणि बुरुंडी या देशांत पसरले आहे. किन्शासा आणि ब्राझाव्हिल समोरासमोरच्या काठांवर आहेत. एकाच पाण्याचे दोन काठ दोन युरोपीय सत्तांनी वाटून घेतले, त्यांच्या आज दोन राजधान्या आहेत. नावांचा तर येथे सुकाळच. १९७१ मध्ये मोबुटूने देशाचे आणि नदीचे 'झाईर' असे नामांतर केले; १९९७ मध्ये ते पुन्हा 'काँगो' झाले. गंमत अशी की स्वदेशीच्या नावाने आणलेला 'झाईर' हा शब्द म्हणजे नदी या अर्थाच्या किकोंगो शब्दाचा पोर्तुगीज अपभ्रंश होता.

मग नाव न घेणे हाच दोष मानावा काय? तसे म्हणता येत नाही. सोनी लाबू तान्सी हा कादंबरीकार १९४७ मध्ये बेल्जियन काँगोत जन्मला आणि १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत पलीकडच्या ब्राझाव्हिलच्या बाजूचा लेखक म्हणून ओळखला गेला. त्याच्या 'ला व्ही ए दमी' (१९७९) मधील 'काटामलानाझी' हा देश कोणत्याही नकाशात सापडत नाही. येथील कल्पित नाव एका हुकूमशहाला वगळून अनेकांना टिपते, आणि काठावरचा वाचक ते ओळखतो. कॉनरॅडच्या समकालीनांनीही ओळखले होते. काँगोतील अत्याचारांविरुद्ध चळवळ उभारणाऱ्या ई. डी. मोरेल याने ही कथा त्या अत्याचारांविषयीची म्हणूनच वाचली. तेव्हा अनामतेची पोकळी संहितेपेक्षा नंतरच्या प्रतीकवादी वाचनाने अधिक निर्माण केली, असे मला वाटते.

१९७९ मध्येच नायपॉल यांची 'अ बेंड इन द रिव्हर' प्रसिद्ध झाली. तीतही नदी अनाम, शहर अनाम. पूर्व किनाऱ्यावरून आलेला भारतीय वंशाचा दुकानदार सलीम त्या शहराचा निवेदक आहे, आणि शहर कोसळू लागते तेव्हा तो आगबोटीने निघून जातो. लाबू तान्सीच्या कादंबरीत बंडखोर मार्सियालला हुकूमशहा पुन्हा पुन्हा ठार मारतो. तरीही तो तेथून जात नाही.