प्रत आणि पाठ : व्हिडिओ गेमच्या संग्रहाविषयी एक टिपण

जुन्या पोथ्या जमविणारा संशोधक आणि व्हिडिओ गेमच्या तबकड्या जमविणारा तरुण यांना एका पंक्तीस बसविणे पुष्कळांना रुचणार नाही. तथापि दोघांपुढील मूळ प्रश्न एकच आहे : हाती असलेली प्रत कोणत्या पाठाची? अद्भुतरम्य साहसखेळांच्या संग्रहाकडे प्रस्तुत टिपणात या एकाच दृष्टीने पाहावयाचे आहे.

वऱ्हाडातील वाचकाला पाठाचा प्रश्न नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची भूमी. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली व अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, असे परंपरा सांगते. त्यातून अनेक पाठ निर्माण झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली, ती अनेक पोथ्या ताडून पाहिल्यानंतरच.

आता दोन खेळ घेऊ. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने रचलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी तबकडीवर निघाला. तबकडीवर जे उमटले तेच त्याचे अंतिम रूप. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ मात्र २०२० मध्ये आंतरजालावरून उतरवून घेण्याच्या रूपात प्रकट झाला. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. आरंभी तिचे संवाद इंग्रजीत होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची जोड मिळाली. येथे पाठभेद शब्दाचा नसून साक्षात भाषेचा आहे. अशा कृतीची प्रत कोणी तबकडीवर वा कार्डावर बाळगली, तर तीत कोणता पाठ आहे हे सांगितल्यावाचून तिचे मोल ठरत नाही.

या कसोटीवर मला पाहावयास मिळालेल्या दोन संग्रहांचा विचार करावासा वाटतो. अमरावतीच्या एका संग्राहकाने सर्व प्रती मूळ वेष्टनातच जपल्या आहेत. मांडणी देखणी आहे. परंतु आत काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. न उघडलेली पोथी पूजेस योग्य असेल, संपादनास नव्हे. शिवाय वेष्टन तबकडीचे उष्णतेपासून रक्षण करीत नाही, आणि वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. उलट अकोल्याच्या एका शिक्षकाने शाळेच्या वहीत प्रत्येक प्रतीचा आवृत्तिक्रमांक, भाषा आणि खेळून पाहिल्याची तारीख नोंदविली आहे. त्याच्यापाशी बाजारातील काही नक्कल केलेल्या तबकड्याही आहेत. त्यांच्या वैधतेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण लेखनिकाच्या सदोष नकलेतूनही पाठपरंपरेवर प्रकाश पडतो. अभ्यासक या वहीवाल्याचा ऋणी राहील.

प्रत हाती असली म्हणजे कृती हाती आली, हा समजही आता टिकत नाही. २०२५ मध्ये निंटेंडोच्या स्विच २ बरोबर आलेल्या ‘गेम-की कार्डां’त खेळ नसतोच, खेळ उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. भांडार बंद झाले की कार्ड म्हणजे रिकामे वेष्टन. याच कंपनीची वी यू व ३डीएस या यंत्रांची भांडारे मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झाली, हे विसरून चालणार नाही.

ग्रंथांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर राष्ट्रीय ग्रंथालयास प्रत देण्याचे बंधन आहे. तो कायदा ग्रंथ व वृत्तपत्रांपुरता आहे. पुण्यात रचलेल्या ‘राजी’ला त्याचा आश्रय नाही. म्हणून तूर्त हा भार खाजगी संग्राहकावरच पडतो. त्याने किती प्रती जमविल्या, यापेक्षा प्रत्येक प्रतीविषयी काय लिहून ठेवले, हे महत्त्वाचे. आपल्या विभागांनीही अशा नोंदवह्या मागवून त्यांच्या नकला जतन कराव्यात. यंत्र नाहीसे झाल्यावर कृतीची जी साक्ष उरेल, ती बहुधा अशा एखाद्या वहीतच असेल.