सक्तीची हजेरी आणि संमतीचा अर्थ : लैंगिक छळ प्रतिबंधक प्रशिक्षणाची चिकित्सा

विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांतील महिला कर्मचारी व विद्यार्थी यांच्या लैंगिक छळास प्रतिबंध, मनाई व निवारण करण्यासंबंधीचे विनियम २०१५ साली सिद्ध केले व मे २०१६ मध्ये ते राजपत्रात प्रसिद्ध झाले. अधिकारी, अध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी या सर्वांसाठी प्रशिक्षणवर्ग व कार्यशाळा घेणे हे या विनियमांनी संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे येथील सक्ती ही प्रथमतः संस्थेवरील सक्ती आहे. प्रत्यक्षात मात्र ती विद्यार्थ्यांच्या हजेरीवरील सक्ती होऊन बसलेली दिसते. हे स्थलांतर कसे घडते आणि त्यात विनियमांचा गाभा कसा निसटतो, हा प्रस्तुत लेखाचा विचारविषय आहे.

या विनियमांमागील इतिहास अध्यापकवर्गास सर्वसाधारणपणे परिचित आहे. राजस्थानातील साथिन भंवरीदेवी यांच्यावर १९९२ साली झालेला सामूहिक अत्याचार, त्यातून उभी राहिलेली याचिका, १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल, पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवरील २०१२ चा निर्णय आणि अखेर २०१३ चा अधिनियम असा हा क्रम आहे. आयोगाच्या कृतिदलाचा 'सक्षम' हा अहवालही २०१३ चाच. या अहवालातील एक महत्त्वाची भूमिका पुढे विनियमांतही उतरली. ती अशी की, सुरक्षिततेचे कारण पुढे करून विद्यार्थिनींच्या वसतिगृहांवर मुलांच्या वसतिगृहांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत, आणि सुरक्षेच्या नावाखाली पाळत ठेवून त्यांच्या संचारस्वातंत्र्याचा संकोचही करता येणार नाही.

आता नेहमीच्या प्रशिक्षणाकडे पाहावे. आठ मार्चच्या आसपास एक व्याख्यान होते. एक वकीलबाई किंवा पोलीस अधिकारी येतात, मदतवाहिनीचे क्रमांक सांगितले जातात, जमल्यास कराटेचे प्रात्यक्षिक होते. श्रोतृवर्गात पुढच्या रांगांत मुली असतात आणि मुलांना त्या तासाला सुटी मिळते. रात्री एकटीने फिरू नये, अनोळखी माणसाशी बोलू नये, छायाचित्रे पाठवू नयेत, हा उपदेशाचा मुख्य भाग असतो. जे विनियम विद्यार्थिनींच्या संचारस्वातंत्र्याचे रक्षण करू पाहतात, त्यांच्याच नावाने भरलेल्या सभेत तो संचार आवरण्याचा उपदेश व्हावा, ही विसंगती कोणाच्या सहसा लक्षात येत नाही. स्वाक्षऱ्यांचा कागद आणि दोन छायाचित्रे मूल्यांकनाच्या फाइलीत गेली की वर्षाचे काम संपते.

परंतु वेळ आणि श्रोतृवर्ग यांहूनही मोठी अडचण भाषेची आहे. 'छेडछाड' या शब्दाने कृतीचे गांभीर्य उणावते, ही तक्रार स्त्री-चळवळीने फार पूर्वी केली. त्या मानाने 'छळ' या शब्दाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठीत छळ म्हटले की सासुरवास आठवतो. दीर्घकाळ, पुनःपुन्हा, हेतुपूर्वक दिलेला त्रास आठवतो. अधिनियमाची व्याख्या मात्र याहून वेगळी आहे. नकोसा असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे दाखविणे, यांपैकी एखादी कृतीही तीत पुरेशी ठरते. ज्या विद्यार्थिनीच्या मनात छळाचा रूढ अर्थ आहे, ती 'एकदाच तर झाले' म्हणून गप्प राहते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. समितीस पटल्यास ती आणखी तीन महिन्यांनी वाढू शकते. म्हणजे शब्दाच्या गैरसमजुतीत तिचा हक्कच बुडण्याचा संभव असतो. व्याख्यानात कलमांचे क्रमांक सांगितले जातात. पण छळ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ आणि कायद्यातील अर्थ यांतील हे अंतर सांगितले जात नाही.

'संमती'ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रात हा शब्द सार्वजनिक वादात गाजला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने. दहाचे वय बारावर नेणाऱ्या त्या कायद्यावर टिळक आणि आगरकर परस्परविरुद्ध उभे राहिले. परंतु त्या वादाचा रोख वय, धर्म आणि सरकारचा अधिकार यांवर होता. मुलीला काय वाटते, हा प्रश्न त्यात जवळजवळ नव्हता. आजच्या महाविद्यालयातही संमती म्हणजे सहलीपूर्वी पालकांनी सही करून द्यावयाचे संमतिपत्र! दुसऱ्याने दिलेली परवानगी हाच अर्थ विद्यार्थ्याच्या परिचयाचा असेल, तर संमती ही स्वतःची असते, ती प्रत्येक वेळी नव्याने द्यावयाची असते आणि मध्येच काढूनही घेता येते, हे त्याला एका तासात कसे उमगावे? हे कायद्याच्या वर्गाइतकेच भाषेच्या आणि साहित्याच्या वर्गाचे काम आहे. तेथे मात्र त्याची सक्ती कोणी केलेली नाही.

सक्तीचे प्रशिक्षण म्हणजे काय, याचा अनुभव अमेरिकेत अधिक जुना आहे. तेथे २०१३ च्या सुधारित कायद्याने नव्या विद्यार्थ्यांसाठी प्रतिबंधक कार्यक्रम चालविण्याचे बंधन संस्थांवर घातले. अनेक विद्यापीठांनी त्याचे रूपांतर संगणकावरील पाठात केले. तो पूर्ण केल्याखेरीज अभ्यासक्रमाची नोंदणी होत नाही. पुण्या-मुंबईहून तेथे जाणारा विद्यार्थीही या पाठाची बटणे दाबूनच पहिल्या सत्रात शिरतो. कायदा पाळला जातो, एवढे खरे. याउलट, ज्याचा परिणाम काटेकोरपणे तपासला गेला असा एक उपक्रम शेजारच्या कॅनडात झाला. शार्लिन सेन व सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील ८९३ प्रथमवर्षीय विद्यार्थिनींवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्कारास बळी पडण्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के आढळले. हे प्रशिक्षण बारा तासांचे होते. त्यात सहभाग ऐच्छिक होता आणि त्याचा भर अनोळखी माणसावर नव्हता, ओळखीच्या पुरुषाकडून होणाऱ्या जबरदस्तीवर होता. स्त्रियांनाच शिकविण्याचा हा मार्ग अपुरा आहे, असा आक्षेप घेता येईल व तो रास्तही आहे; तथापि बारा तास आणि एक तास यांतील फरक त्या आक्षेपाने पुसला जात नाही.

ओळखीचा पुरुष हा शब्दप्रयोग महाविद्यालयाच्या आवारात आणला की विषय अध्यापकांपर्यंत येऊन पोहोचतो. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकाची वही, संशोधन-मार्गदर्शकाची सही ही सत्तेची साधने अध्यापकाच्या हातात असतात. संशोधक विद्यार्थी विशेष असुरक्षित असतात, म्हणून मार्गदर्शनाच्या नीतीची तत्त्वे संस्थांनी निश्चित करावीत, असे विनियम स्पष्टपणे सांगतात. प्रदेश, वर्ग, जात, अपंगत्व यांमुळे ही असुरक्षितता वाढते, हेही त्यांत नमूद आहे. दुर्गम भागातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थिनीला मदतवाहिनीच्या क्रमांकापेक्षा ही तत्त्वे अधिक उपयोगाची आहेत. तरीही व्याख्यानाच्या दिवशी अध्यापक बहुधा मंचावर किंवा दारात हजेरी घेत असतात, श्रोत्यांत नसतात.

समितीच्या सदस्यांचे प्रशिक्षण तर त्याहून दुर्लक्षित. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात विद्यार्थिनींनी २००९ साली तक्रारी केल्या होत्या. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील कारवाई रद्द केली. चौकशी अकारण घाईने उरकली गेली व नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नाहीत, हे त्याचे कारण होते. चौकशी नव्याने करण्यास प्रकरण परत पाठविले गेले. चौदा वर्षांनी पुन्हा आरंभापाशी! त्याच निकालात समिती-सदस्यांसाठी नियमित प्रशिक्षण घेण्याचे निर्देश आहेत. विनियमांनुसार, प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असल्यास या समितीवर पदवी, पदव्युत्तर व संशोधन अशा तीन स्तरांवरील तीन विद्यार्थी-सदस्य असावयाचे असतात आणि त्यांची निवड पारदर्शक, लोकशाही पद्धतीने व्हावयाची असते. वर्षाच्या त्या एका तासात या तीन जागांचा उल्लेख क्वचितच होतो.