अलकनंदा: बातमीतली आणि आकाशातली

2025 च्या अखेरीस पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी एका दूरच्या सर्पिल दीर्घिकेचा शोध प्रसिद्ध केला. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत सापडलेल्या या दीर्घिकेला त्यांनी 'अलकनंदा' हे नाव दिले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही शाळांच्या भित्तिपत्रकांवर या बातमीची कात्रणे आमच्या पाहण्यात आली. शोध शेजारच्या पुण्यातला, तेव्हा शिक्षकांनी ती हौसेने लावावीत हे योग्यच. पण त्यांतील दोन विधानांबद्दल आमची तक्रार आहे.

पहिले विधान असे: 'ही दीर्घिका 12 अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे.' एका शाळेत दुसऱ्या कात्रणात 24 अब्ज हा आकडा होता. नववीतल्या मुलीने विचारले, "सर, विश्वाचे वय 13.8 अब्ज वर्षे, मग प्रकाश एवढ्या लांबून पोचला कसा?" सरांनी छपाईची चूक म्हणून ते कात्रण काढून टाकले. प्रश्न उत्तम होता, आणि आकडाही बरोबर होता.

प्रकाश निघाला तेव्हा विश्व सुमारे 1.5 अब्ज वर्षांचे होते. म्हणजे 12 अब्ज वर्षांहून थोडा अधिक, हा झाला प्रवासाचा काळ. आता समजा, सांगलीहून साताऱ्याची एस.टी. सुटली आणि ती धावत असताना रस्ताच ताणला जाऊ लागला. गाडी कराडला येईतो पुढचा रस्ता लांबतो, तसाच मागे टाकलेला सांगली-कराड रस्ताही लांबतो. साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर गाडी किती किलोमीटर धावली आणि सांगली आता किती दूर आहे, हे आकडे जुळायचे कसे? अलकनंदेचे आजचे अंतर सुमारे 24 अब्ज प्रकाशवर्षे निघते. प्रकाश निघाला तेव्हा ते 5 अब्जांहूनही कमी होते. दाखला थोडा अपुरा आहे, कारण त्यात एस.टी. तेवढीच राहते. प्रकाशाची तरंगलांबी मात्र वाटेत सुमारे 5 पट झाली. म्हणूनच अवरक्त किरणांत पाहणाऱ्या वेबला या भुजा नीट दिसल्या. चित्रातले रंग मागाहून भरलेले आहेत, हेही मुलांना सांगावे.

दुसरे विधान 'आकाशगंगेची जुळी बहीण' हे. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि अलकनंदा ही हिमालयात मंदाकिनीला भेटणारी नदी, म्हणून हे नाव. नावातली बहीण मथळ्यात जुळी झाली! अलकनंदेचा व्यास सुमारे 30 हजार प्रकाशवर्षे, आकाशगंगेचा साधारण 1 लाख. तिच्यातील ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे 10 अब्ज सूर्यांइतके, म्हणजे आकाशगंगेहून बरेच कमी. उलट तिच्यात दरवर्षी सुमारे 60 सूर्यांइतके वस्तुमान ताऱ्यांत रूपांतरित होत होते; आकाशगंगेतील आजच्या वेगाच्या हे 20 पटींच्या आसपास आहे. साम्य आहे ते सर्पिल रचनेचे.

आणि खरे कोडे तिथेच आहे, ज्याला कात्रणांनी एक ओळही दिली नाही. त्या काळच्या दीर्घिका बहुतांशी वेड्यावाकड्या, गुठळ्यांच्या असाव्यात अशी अपेक्षा होती. मग दीड अब्ज वर्षांत चकती स्थिरावून दोन रेखीव भुजा उमटल्या कशा? चकतीत फिरणाऱ्या घनतेच्या लाटेमुळे, की शेजारच्या एखाद्या दीर्घिकेच्या ओढीमुळे? यासाठी तिच्यातला वायू संथपणे फिरतो की खळबळतो, ते मोजावे लागेल. नुसत्या चित्रावरून ते कळत नाही. तिचे अंतरही 21 फिल्टरांतून मोजलेल्या तेजस्वितेवरून काढले आहे. वाटेतल्या अबेल 2744 या दीर्घिकासमूहाने भिंगासारखे काम करून तिचे तेज सुमारे दुप्पट दाखवले, ही गंमत तरी छापायला हवी होती.

त्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा 24 अब्जांचे कात्रण सरांच्या टेबलाच्या खणात होते. ते परत लावावे आणि खाली त्या मुलीचा प्रश्न तिच्याच अक्षरात लिहून घ्यावा, असे आम्ही सुचवले आहे.