आज्ञापत्रातील आरमारप्रकरण : एक भाषिक वाचन

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील (इ. स. १७१५ च्या सुमारास) आरमाराचे प्रकरण आपल्या अध्यापनात बहुधा एका उपमेपुरते उरले आहे. घोडदळाच्या बळावर जशी भूमी, तसा आरमाराच्या बळावर समुद्र, हा त्या उपमेचा आशय. समीक्षकांनी तिची वाखाणणी पुष्कळ केली आहे. प्रस्तुत लेखकास मात्र ती या प्रकरणातील सर्वांत दुबळी जागा वाटते. कारण ती घाटावरची उपमा आहे. घोड्यावरून समुद्र पाहिला म्हणजे तो एक सपाट मैदान दिसतो.

औंधात बसून दर्यावर्दी विषयावर लिहावे याचे कोणास हसू येईल. परंतु या उपमेची कसोटी औंधकरांच्याच इतिहासात लागली आहे. इ. स. १७३३ च्या जूनमध्ये श्रीपतराव प्रतिनिधींच्या फौजेने सिद्द्याकडून रायगड घेतला. जंजिरा मात्र हाती आला नाही. त्याच वर्षी ऑगस्टात सेखोजी आंग्रे निवर्तले आणि आरमाराचा आधार ढिला पडला. घोडी होती, ती खाडीच्या काठापर्यंतच उपयोगी होती.

प्रकरणाचे खरे बळ पुढील बारीक आज्ञांत आहे. गुराबा फार थोर नसाव्यात व फार धाकट्याही नसाव्यात. वाऱ्यावाचून निरुपयोगी होणारी अजस्र जहाजे बांधू नयेत. पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा. पावसाळ्यात आरमार दरवर्षी एकाच बंदरात ठेवू नये, कारण खलाशी कितीही नीट वागले तरी गावास उपद्रव होतोच. येथे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उघडा समुद्र नाही. हर्णे, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी एकामागून एक येणारी लहान बंदरे आहेत. गलबत उथळ पाण्याचे, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. भरतीबरोबर खाडीत शिरावे, ओहोटीबरोबर बाहेर पडावे, आणि गनीम भारी पडल्यास किल्ल्याच्या आश्रयास यावे, ही त्याची रीत. टोपीकरांच्या खोल तळाच्या जहाजांना ही किनाऱ्याकिनाऱ्याची वाट सहसा साधत नसे.

आता शब्दांकडे वळू. मराठीच्या सागरी शब्दसंग्रहात तीन थर सहज दिसतात. जहाज आणि त्यावरील माणसे यांची नावे पुष्कळशी बाहेरची : गुराब (अरबी ‘घुराब’, म्हणजे कावळा), खलाशी, सारंग, सुकाणू, बंदर, आरमार हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. किनारा व पाणी यांची नावे घरची : खाडी, भरती, ओहोटी, उधाण, वल्हे, डोलकाठी. तिसरा थर भूसेनेचा. ‘सुभा’ आणि ‘छावणी’ हे शब्द आज्ञापत्र निःसंकोचपणे पाण्यावर नेते. पावसाळ्यात गलबते बंदरात थांबतात, तिला छावणी म्हणावे हे घाटावरच्या कारकुनालाच सुचावे! उपमा जे एका वाक्यात मोठ्याने सांगते, तेच हा शब्द हळूच करतो. आणि उपमेपेक्षा अधिक यशस्वीपणे करतो, कारण त्याच्यामागे प्रत्यक्ष व्यवहार आहे.

‘जंजिरा’ची गंमत याहून मोठी. अरबीत ‘जझीरा’ म्हणजे बेट. मराठी कागदांत तो सागरी किल्ल्याचा वाचक झाला. ‘जंजिरे सिंधुदुर्ग’ बेटावर आहेच. पण विजयदुर्ग जमिनीस लागून असूनही कागदांत ‘जंजिरे विजयदुर्ग’ असतो. ज्या राज्याला बेट हे केवळ बेट म्हणून कधी नको होते, त्याच्या भाषेत दुसरे काय व्हावयाचे? तसाच नांगर. फार्सी ‘लंगर’ मराठीत ‘नांगर’ झाला, तो बहुधा संस्कृत ‘लांगला’पासून आलेल्या शेतकऱ्याच्या नांगराच्या ओढीने. खटाव-माणच्या विद्यार्थ्याला गलबताने नांगर टाकला असे वाचून क्षणभर बुचकळ्यात पडायला होते, ते अगदीच अस्थानी नाही.

आज्ञापत्राच्या पाठ्य आवृत्त्यांतील शब्दार्थ हे तीन थर एकत्र कालवतात आणि ‘गुराब : एक प्रकारचे जहाज’ एवढ्यावर थांबतात. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) याहून कितीतरी सामग्री आहे. ती घेऊन कोणी हर्णे ते मालवण बंदराबंदराने फिरावे, आणि शिडाच्या मचव्यावर उमेद घालविलेल्या वृद्ध तांडेलांना पहिला प्रश्न हा विचारावा, की पावसाळ्यात मचवा वर ओढून शाकारला म्हणजे त्या मुक्कामास तुम्ही काय म्हणता.