राजाईचे गाऱ्हाणे

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या गाथेत पत्नी राजाई हिच्या नावावर काही अभंग आहेत. ते तिचेच, की कोणी मागाहून तिच्या मुखी घातले, हा वाद येथे बाजूस ठेवू. लक्षणीय आहे ते त्यांतील संबोधन. विठ्ठलाने आपल्या भ्रतारास वेड लावले, हे गाऱ्हाणे राजाई एका अभंगात रखुमाईपाशी नेते. क्रियापद आज्ञार्थी, पण आज्ञा पुरुषापर्यंत पोहोचावयाची ती दुसऱ्या स्त्रीमार्फत.

हा प्रपंच-परमार्थाचा झगडा म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो पटत नाही. नारा, विठा, गोंदा, महादा व लिंबाई यांना वाढवावयाचे कोणी, हा मूळ प्रश्न होय. (जनीचा हातभार होता, तो विषय निराळा.) नामदेवांनी काही काळ कीर्तन थांबवावे काय, असे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांस १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषासही ती दिली; मात्र पत्नी हयात नसेल अथवा असाध्य आजाराने अंथरुणास खिळली असेल, तरच.