सोळावा खंड मुक्त कधी होणार?

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले आणि लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. सबब १ जानेवारी २०१७ पासून त्यांचे समग्र वाङ्मय मुक्त झाले, अशी समजूत आपल्या विहारांतून व ग्रंथालयांतून रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांना ती लागू पडते. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या वाङ्मयाची साठ वर्षे मात्र स्वामित्वहक्क कायद्याचे कलम २४ प्रथम प्रकाशनापासून मोजते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मध्ये निघाला, म्हणून तो २०१८ च्या आरंभी मुक्त झाला. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा सोळावा खंड, अर्थात बाबासाहेबांचे पाली व्याकरण व शब्दकोश, १९९८ मध्ये छापला गेला. त्यावरील हक्क २०५८ च्या अखेरपर्यंत टिकेल. आज पालीच्या प्रथम वर्षाला बसलेला विद्यार्थी तोवर पन्नाशीला पोहोचेल.

कोणी म्हणेल, परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंड विनामूल्य वाचता येतात, मग तक्रार कसली? परंतु वाचण्याची मोकळीक आणि वापरण्याची मोकळीक या भिन्न गोष्टी होत. कोश हा कथेप्रमाणे वाचून ठेवून देण्याचा ग्रंथ नव्हे. त्यातील मराठी अर्थ वेगळे काढावेत, त्रिपिटकातील संदर्भ जोडावेत, मुद्रणदोष दुरुस्त करावेत, देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी धम्मवर्गासाठी त्यातून लहानशी शब्दावली छापावी, हाच त्याचा खरा उपयोग. आणि नेमके हेच परवानगीवाचून करता येत नाही. अनुवादाची अडचण निराळीच. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा १९७० चा मराठी अनुवाद कायद्याने स्वतंत्र कृती ठरतो. मूळ ग्रंथ मुक्त झाल्याने तो आपोआप मुक्त होत नाही. म्हणजे इंग्रजी जाणणारा मोकळा आणि मराठी वाचक अडलेला!

खर्चाची सबब येथे टिकत नाही. ही ग्रंथमाला १९७९ पासून जनतेच्या पैशावर चालली आहे. नऊ लाख प्रतींसाठी ५.४५ कोटी रुपयांचा कागद घेऊन प्रत्यक्षात ३३ हजारच प्रती छापल्या, या 'लोकसत्ते'तील वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापील प्रत हवीच, त्याविषयी दुमत नाही. तथापि गोदामात पडलेला कागद ग्रंथ होत नाही. ब्रिटनच्या शासकीय संशोधननिधी संस्थेने १ जानेवारी २०२४ पासून आपल्या निधीवर सिद्ध झालेला ग्रंथ वर्षभरात सर्वांना विनामूल्य खुला करण्याची अट घातली आणि त्या खर्चासाठी स्वतंत्र रक्कमही राखली. अट आणि तरतूद एकत्र आली, हे विशेष. आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे संपूर्ण पाली वाङ्मय, शब्द शोधता येईल अशा रूपात, दानाच्या बळावर विनामूल्य उपलब्ध केले आहे. विपश्यनेविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते असोत. पाली अभ्यासकाने हे ऋण नाकारू नये.

तेव्हा चरित्र साधने प्रकाशन समितीने वारसांच्या संमतीने सोळाव्या खंडापुरते तरी जाहीर अनुज्ञापत्र काढावे, त्यात पुनर्मुद्रण, दुरुस्ती व अनुवाद यांची स्पष्ट मुभा असावी, आणि खंडाची शुद्ध देवनागरी संहिता त्यासोबतच द्यावी.