हवेत विषाणू ‘सापडला नाही’ म्हणजे नेमकं काय?

जुलै २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेला एक पेपर संशोधनाकडे वळणाऱ्यांनी जरूर वाचावा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या राजन चक्रबर्ती, जॉन सिरिटो आणि सहकाऱ्यांनी खोलीच्या हवेतला कोरोना विषाणू पाच मिनिटांत ओळखणारं यंत्र बनवलं. ते मिनिटाला सुमारे १००० लिटर हवा ओढतं, भोवऱ्यासारखी फिरवतं आणि कण द्रवात पकडतं. मग लामा या प्राण्यापासून मिळवलेली नॅनोबॉडी विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला धरते आणि इलेक्ट्रोडवर सिग्नल मिळतो. हे इलेक्ट्रोडचं तंत्र आधी अल्झायमरच्या संशोधनातलं. दुसऱ्या विषयातलं साधन असं उचलून आणणं, ही या कामाची खरी ताकद.

आता खटकलेल्या गोष्टी.

पहिली, संवेदनशीलता ७७ ते ८३ टक्के. म्हणजे विषाणू असलेल्या १०० नमुन्यांपैकी १७ ते २३ निसटणार.

दुसरी, यंत्राला सापडतं ते प्रथिन. विषाणू संसर्ग करू शकतो का, हे त्यावरून कळत नाही. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये रायली आणि वेल्स यांनी टीबी वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली होती. पद्धत फार संथ, पण गिनीपिगला टीबी झाला की वाद संपला! वेग मिळवताना आपण हा पुरावा सोडून देतो.

तिसरी गोष्ट आमच्या रायगड किनाऱ्यावर बसून जास्त जाणवते. प्रत्यक्ष घरातली चाचणी झाली ती दोन रुग्णांच्या बेडरूममध्ये. आमच्याकडे अलिबाग-मुरूडला खिडक्या बहुतेक उघड्याच. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शिका सांगते की, हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या खोलीत रुग्णामागे सेकंदाला सरासरी १६० लिटर हवा खेळती हवी. हिशोब करा: पाच मिनिटांत ४८,००० लिटर. तेवढ्या वेळात यंत्र तपासतं ५,००० लिटर. मग रीडिंग निगेटिव्ह आलं, तर विषाणू नव्हताच, वाऱ्याने विरळ झाला, की यंत्राला दिसला नाही? शिवाय खाऱ्या वाऱ्यातलं मीठही त्याच द्रवात उतरणार. त्याचा सिग्नलवर काय परिणाम होतो, हे इथेच तपासायला हवं. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

यंत्र वाईट नाही. पण निगेटिव्ह रीडिंगवर विसंबून एखाद्या दवाखान्याने खिडक्या लावून घेतल्या, तर फसगत रुग्णाची होईल. म्हणून पेपर वाचताना ‘सापडला’ एवढ्यावर थांबू नका. ‘सापडला नाही’चे किती अर्थ निघतात, तेही वहीत लिहा.